रुडॉल्फ हेल : अक्षरांची चित्रे आकाशातून पाठविणारा संशोधक

वाचकहो, १९०१ हे साल आपल्या बेटाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. झांझिबारकडून आलेली समुद्रतळाची तार आपल्याकडे त्याआधीच पोचली होती. १९०१ साली दरबानहून निघालेली दुसरी तार मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि कोकोस या बेटांना जोडीत थेट ऑस्ट्रेलियातील पर्थपर्यंत गेली. ज्या बातमीला जहाजाने यायला कित्येक आठवडे लागत, ती आता त्याच दिवशी पोर्ट लुईला कळू लागली. त्या तारेवरून जाणारा प्रत्येक शब्द मोर्सच्या टिंब-रेघांत बांधून पाठवावा लागे.

त्याच वर्षी, १९ डिसेंबर १९०१ रोजी, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील एग्म्यूल या लहानशा गावी एका रेल्वे स्टेशनमास्तराच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव रुडॉल्फ हेल. टिंब-रेघांच्या मध्यस्थीवाचून अक्षराचे रूपच दूरवर पाठविता येईल, अशी युक्ती पुढे याच मुलाने शोधून काढली. आज जगातील हौशी रेडिओवाले कळ बाजूला ठेवून संगणकाने संदेश पाठवितात. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा हेल यांच्या यंत्राचा आहे. म्हणून आजच्या लेखात आम्ही त्यांच्या चरित्राची ओळख करून देत आहोत.

आधी नावाविषयी एक गोष्ट सांगू. इंग्रजी जाणणाऱ्या आपल्या मुलांना हे आडनाव ऐकून हसू येईल. पण जर्मन भाषेत ‘हेल’ म्हणजे उजळ, स्वच्छ प्रकाशाचा. हेल यांच्या यंत्राला ‘हेलश्रायबर’ म्हणत. त्याचा अर्थ हेल यांचे लेखनयंत्र असाही होतो आणि उजळ लिहिणारा असाही होतो.

बालपण व शिक्षण

हेल यांचे शालेय शिक्षण एगर या गावी झाले. ते गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक देशात आहे. त्या काळी जिथे रूळ तिथे तारेचे खांब, असा नियमच होता. गाडी सुटली, गाडी पोचली, हे एका स्टेशनाने दुसऱ्याला तारेने कळवायचे. स्टेशनमास्तराच्या घरात वाढणाऱ्या मुलाला दूरचा निरोप ही रोजची बाब असणार, यात नवल नाही.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. पुढच्याच वर्षी हेल म्युनिकच्या तंत्रशास्त्राच्या महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. देश हरलेला होता, आणि लवकरच पैशाची किंमत अशी घसरली की पाव घ्यायला नोटांची थप्पी न्यावी लागे. अशा दिवसांत शिक्षण पुरे करून १९२३ पासून ते माक्स डीकमान या प्राध्यापकांचे साहाय्यक झाले. डीकमान यांना चित्रे तारेविना पाठविण्याचा ध्यास होता. गुरू-शिष्यांनी १९२५ साली दूरचित्रवाणीसाठी चित्राचे तुकडे करणाऱ्या एका नळीच्या पेटंटचा अर्ज केला. त्याच वर्षी म्युनिकच्या वाहतूक प्रदर्शनात त्यांनी आपले काम लोकांपुढे मांडले.

चित्र एकदम पाठविता येत नाही. त्याचे बारीक तुकडे करावे लागतात आणि ते क्रमाने पाठवून पलीकडे पुन्हा जुळवावे लागतात. हा धडा हेल यांनी तिथे गिरविला. पुढे त्यांनी जे जे केले, त्या सर्वांचे मूळ या एका धड्यात आहे.

१९२७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा विषय विमानांसाठी होता. धुक्यात किंवा ढगांत सापडलेल्या वैमानिकाला रेडिओच्या साहाय्याने आपली दिशा यंत्राच्या काट्यावर सरळ दिसावी, अशी ती योजना होती.

टिंब-रेघांची अडचण

आता थोडे मोर्सकडे वळू. ही लिपी अमेरिकेत जन्मली खरी, पण आज जगभर जी वापरली जाते तिला वळण दिले जर्मनीने. फ्रीडरिख क्लेमेन्स गेर्के या गृहस्थांनी १८४८ साली हांबुर्गच्या तारेसाठी तिची नवी मांडणी केली, आणि थोड्या बदलांनिशी तीच १८६५ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय ठरली.

मोर्सचा गुण असा, की तिला यंत्र अगदी साधे पुरते. एक कळ आणि एक तरबेज कान एवढ्यावर काम भागते. वादळाच्या खरखरीतही तो कान क्षीण आवाज ओळखतो. पण असा कान तयार होण्यास महिनोन् महिने जातात. कडकट्ट ऐकता ऐकता अक्षरे आपोआप हातातून उतरली पाहिजेत. वर्तमानपत्राच्या कचेरीला, पोलीस ठाण्याला, लहान गावच्या टपालघराला असा माणूस रात्रंदिवस बसवून ठेवणे परवडत नसे.

यावर दूरमुद्रक हा उपाय निघाला होता. त्यात टंकलेखनासारखी कळ दाबली, की त्या अक्षरासाठी पाच ठोक्यांची एक खूण जाई आणि पलीकडचे यंत्र ते अक्षर छापी. तारेवर हे छान चाले. रेडिओवर मात्र वीज कडाडली किंवा आवाज बुडाला, की पाचांतला एखादा ठोका बिघडे. एक ठोका बिघडला की रोमन ‘ए’ चा ‘ई’ होई. यंत्र बिचारे काय करणार? ते चुकीचे अक्षर ठळक, सुबक छापून मोकळे होई. वाचणाऱ्याला चूक झाली आहे याचा पत्ताही लागत नसे. एखाद्या गावाचे नाव किंवा एखादा आकडा असा बदलला तर केवढा घोटाळा!

हेल यांची युक्ती

१९२९ साली हेल यांनी यावर तोड काढली. त्यांनी ठरविले, की अक्षराला खूण द्यायचीच नाही, त्याचे चित्रच पाठवायचे.

आपल्या मुलांची चौकटींची वही डोळ्यांपुढे आणा. सात चौकटी आडव्या आणि सात उभ्या, म्हणजे एकूण ४९ चौकटी. त्यांत काही काळ्या करून अक्षर काढायचे. मग डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेपासून सुरुवात करून, प्रत्येक रांगेत खालून वर जात, एकेक चौकट पाठवायची. काळी चौकट आली की रेडिओचा सूर वाजतो, पांढरी आली की शांतता. एका सेकंदात अडीच अक्षरे, म्हणजे मिनिटाला दीडशे. मोर्सच्या निष्णात माणसाची जी गती, तीच जवळजवळ या यंत्राने शिकाऊ माणसालाही मिळाली.

घेणारे यंत्र त्याहून साधे होते. स्क्रूच्या आट्यांसारखी एक फिरकी, तिला शाई लावणारा एक रूळ, आणि कागदाची अरुंद पट्टी. सूर आला की पट्टी फिरकीवर दाबली जाई आणि तेवढा ठिपका उमटे. ठिपक्यांतून अक्षर तयार होई.

एक अडचण राहिली होती. दोन्ही यंत्रांची गती तंतोतंत एक नसेल, तर ओळ तिरकी होऊन पट्टीच्या कडेला तुटेल. हेल यांनी ती फार सोप्या रीतीने सोडविली. एकच ओळ एकीखाली एक अशी दोनदा छापायची. वरची तुटली तर खालची अखंड राहते. गती जुळविण्याची महागडी यंत्रणा बसविण्यापेक्षा ओळ दोनदा छापणे स्वस्त पडले.

आता वादळी रात्री काय होई ते पाहा. खरखर झाली की पट्टीवर नको तिथे काळे ठिपके पडत, हवे तिथले गळत. अक्षर मळके दिसे, पण त्याचे दुसरे अक्षर होत नसे. वाचणारा डोळे बारीक करून ते वाचून काढी. यंत्राने फक्त वाहून आणायचे, अक्षर कोणते ते माणसाने ठरवायचे, अशी ही वाटणी होती. कानाचे काम डोळ्याकडे आले, पण ते माणसाकडेच राहिले.

आम्ही हा खेळ वर्गात मुलांकडून करून घेतला आहे. एका मुलाने चौकटींत ‘ग’ काढायचा आणि काळी, पांढरी असे सांगत जायचे, दुसऱ्याने भरायचे. मध्येच चार-पाच चौकटी मुद्दाम चुकीच्या सांगायच्या. तरी ‘ग’ ओळखता येतो. मात्र तो ओळखतो कोण? ज्याला ‘ग’ आधीपासून येतो तो. ज्या मुलाला देवनागरी येत नाही त्याच्या पुढे नुसते डाग असतात. त्या खेळातून आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. मोर्सची नित्याची लिपी रोमन अक्षरांसाठी घडविलेली आहे. चित्र पाठविणाऱ्या यंत्राला मात्र लिपीचा भेद नाही. रोमन असो, अरबी असो की आपली मराठी असो, त्याला सर्व सारखीच.

यश आणि काळे दिवस

त्याच १९२९ साली हेल यांनी बर्लिनजवळ स्वतःचा कारखाना काढला. सीमेन्स या मोठ्या कंपनीने त्यांचे यंत्र बनविण्यास घेतले. वृत्तसंस्थांना ते फार सोयीचे वाटले. एका ठिकाणाहून बातमी आकाशात सोडली, की शेकडो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पट्टीवर ती उमटू लागे. तार टाकण्याचा खर्च नाही, तरबेज कानाची गरज नाही.

पण १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. बातम्यांवर सरकारचा ताबा बसला. सरकारी वृत्तसंस्था हेल यांच्याच यंत्रांनी आपल्या बातम्या आणि आपला प्रचार देशोदेशी पाठवू लागली. युद्धाच्या काळात जर्मन सैन्याने या यंत्राची उचलून नेण्याजोगी आवृत्ती रणांगणावर वापरली. तिला ‘फेल्ड-हेल’ म्हणजे मैदानी हेल असे नाव होते. ज्या गुणासाठी ती यंत्रे निवडली गेली तो गुण तोच : गोंगाटातही निरोप पोचतो. गंमत अशी, की आकाशात सोडलेले सर्वांनाच मिळते. इंग्लंडमध्ये बीबीसीचे परदेशी बातम्या ऐकणारे खाते हेल यंत्रे लावूनच त्या जर्मन बातम्या टिपीत बसे.

थोरांची चरित्रे सांगताना हा भाग गाळण्याची आपल्याकडे खोड आहे. आम्हास ते योग्य वाटत नाही. यंत्राला खरे-खोटे कळत नाही. खरी बातमी आणि खोटा प्रचार दोन्ही ते सारख्याच इमानाने पोचविते. हेल यांचा कारखाना त्या राजवटीत आणि त्या युद्धाच्या कामावर वाढला, हे सत्य आहे. त्यांच्या बुद्धीचा गौरव करतानाही ते मुलांना सांगितले पाहिजे.

राखेतून पुन्हा उभारणी

१९४५ साली जर्मनीचा पाडाव झाला आणि बर्लिनमधील सारे हातचे गेले. हेल त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. या वयात पुष्कळ माणसे आता काय व्हायचे ते होऊन गेले असे मानतात. हेल यांनी उत्तरेकडील कील या बंदरात १९४७ साली नव्याने सुरुवात केली. ते शहरही बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालेले होते. वृत्तसंस्थांना यंत्रे हवीच होती, दुरुस्तीही हवी होती. त्यातून कारखाना हळूहळू उभा राहिला.

पुढच्या कामात त्यांनी तोच जुना धडा छापखान्यात नेला. वर्तमानपत्रात छायाचित्र छापायचे तर त्याचा ठसा तेजाबाने कोरून घ्यावा लागे, त्यात तासन् तास जात. हेल यांनी १९५० नंतरच्या दशकात ‘क्लिशोग्राफ’ हे यंत्र आणले. एका बाजूला प्रकाशाचा किरण चित्र ठिपक्या-ठिपक्याने वाची, दुसऱ्या बाजूला टोकदार सुई तसाच ठसा कोरी. लहान गावच्या वृत्तपत्रालाही आता ताज्या घटनेचे चित्र छापणे जमू लागले. १९६३ साली रंगीत चित्रे वाचणारे ‘क्रोमाग्राफ’ आले.

१९६५ साली त्यांनी ‘डिजिसेट’ पुढे आणले. शिशाच्या खिळ्यांनी अक्षरजुळणी करणारे कारागीर त्या वेळी सर्वत्र होते. डिजिसेटमध्ये शिसेच नव्हते. प्रत्येक अक्षर ठिपक्यांच्या रूपाने यंत्राच्या स्मृतीत साठविलेले असे आणि तिथून ते चित्रनळीच्या पडद्यावर प्रकाशाने उमटे. १९२९ सालच्या ४९ चौकटी आता कितीतरी बारीक झाल्या होत्या, पण विचार तोच होता. आज संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर दिसते, तेही ठिपक्यांनीच बनलेले असते. खिळे जुळविणाऱ्यांचा पिढीजात धंदा या बदलाने बुडाला, हेही विसरता येत नाही.

हेल यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे आहेत. १९७७ साली माइन्त्स शहराने त्यांना गुटेनबर्ग पारितोषिक दिले. छपाईच्या जनकाच्या गावाने केलेला हा सन्मान होता. दुसऱ्याच वर्षी त्यांना वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या नावाची अंगठी मिळाली. तंत्रविद्येतील जर्मनीचा तो फार मोठा मान समजला जातो. १९८१ साली त्यांची कंपनी पूर्णपणे सीमेन्सकडे गेली. पुढे तिचे नाव लिनोटाइपशी जोडले गेले आणि अखेर ती हायडलबर्गच्या छपाईयंत्र कंपनीत विलीन झाली. ११ मार्च २००२ रोजी कील येथे रुडॉल्फ हेल यांचे निधन झाले. त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली होती.

हौशी मंडळींनी जपलेले यंत्र

वृत्तसंस्थांनी हेल यंत्रे टाकून दिली, कारण चांगले दूरमुद्रक आणि उपग्रह आले. पण १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधील काही हौशी रेडिओवाल्यांनी युद्धातील जुनी फेल्ड-हेल यंत्रे साफसूफ करून पुन्हा चालू केली. युद्धासाठी घडविलेल्या यंत्रावर आता एका देशाचा माणूस दुसऱ्या देशाच्या माणसाला शुभेच्छा देऊ लागला. पुढे घरोघरी संगणक आले. मग फिरकी, शाई आणि पट्टी यांचीही गरज उरली नाही. ठिपके पडद्यावर उमटू लागले आणि आजही हौशी लोक ही पद्धत आवडीने वापरतात.

त्याच संगणकाने नव्या पद्धतींची वाट मोकळी केली. १९९८ साली पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हौशी गृहस्थांनी ‘पीएसके-३१’ आणली. २०१७ साली अमेरिकेतील जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी ‘एफटी-८’ आणली. टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. एफटी-८ मध्ये पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि संदेश अगदी तोकडा असतो. कानाला ऐकूही न येणारा क्षीण आवाज संगणक गणिताने सोडवितो. आपल्या बेटाचा ‘थ्री बी एट’ हा संकेत दूर युरोपातल्या घरात लहानशा यंत्रावरही आता सहज पोचतो, तो अशाच पद्धतींमुळे.

मात्र इथे वाटणी बदलली आहे. मोर्समध्ये कान ठरवी, हेलच्या पट्टीवर डोळा ठरवी, एफटी-८ मध्ये यंत्र ठरविते. संदेश पुरा सुटला तर दिसतो, नाही तर काहीच दिसत नाही. अर्धवट निरोप वाचून काढण्याचे काम माणसाला उरले नाही.

२००३ साली जिनिव्हाच्या परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्स येण्याची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली. जर्मनीने त्याच वर्षी ती सोडली. जुन्या लोकांना वाईट वाटले, तरुणांना दार उघडले. आम्हास दोन्ही बाजू पटतात. सक्तीने किती तरी उत्सुक मुले दारातूनच परत जात होती. पण सक्ती गेली म्हणून विद्या टाकून द्यायची नसते. जर्मनीने हे ओळखले आणि २०१४ साली मोर्सच्या संदेशनाला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज ती तिथे शिकली जाते ती हौसेने.

हेल यांच्या चरित्रातून आम्हास जे वाटते ते एवढेच. नव्या यंत्राला भिण्याचे कारण नाही, आणि जुनी विद्या मोडीत काढण्याचेही नाही. पण यंत्र कितीही चांगले असले तरी पट्टीवरचे मळके अक्षर तोच वाचतो ज्याला अक्षर येते. आपले पूर्वज रत्नागिरी-साताऱ्याकडून जहाजाने आले, तेव्हा त्यांनी बरोबर आणलेली भाषाही वाटेत थोडी गळली, थोडी मळली. काही शब्द क्रिओलमध्ये मिसळले, काही हरवले. तरीही आजीच्या तोंडची ओवी किंवा जुन्या वहीतील पुसट मजकूर आपल्याला समजू शकतो, जर घरात कोणाला देवनागरी येत असेल तर. ते काम संगणक आपल्यासाठी करील असे समजून बसू नये.

तेव्हा पालकांना आमची विनंती आहे. या रविवारी मुलांना जवळ घ्या, चौकटींची वही काढा, आणि त्यांच्या नावाचे पहिले अक्षर ४९ घरांत बसवून पाहा. जोडाक्षर असेल तर थोडी अडचण पडेल. ती मुलांनाच सोडवू द्या.